हात ठेवायचा, धरायचं नाही

आमच्या घरातून दुपारी दोनच्या सुमाराला एक किंकाळी उठायची. चाळीत तिचं कुणाला काही वाटत नसे. शेजारच्या खोलीतल्या बायका सुपातला हात न थांबवता म्हणायच्या, "कुंदाचं तेल सुरू झालं वाटतं." कुंदा माझी धाकटी बहीण. जन्मताना ती गुदमरली होती. सुईणीनं उलटी धरून थोपटलं तेव्हा कुठे ती रडली, आणि त्या मधल्या काही मिनिटांत जे व्हायचं ते होऊन गेलं. बुद्धीला धक्का लागला नाही. हातपाय मात्र ताठ राहिले. पाय तर मांड्यांपासून एकमेकांवर चढलेले, कात्रीची पाती मिटावीत तसे. आई रोज दुपारी वाटीत खोबरेल कोमट करायची, कुंदाला चटईवर उताणी निजवायची आणि ते पाय एकमेकांपासून सोडवायची. मी डोक्याशी बसून कुंदाचे खांदे दाबून धरायचो. किंकाळी संपली की आई हात पुसून मला पेज वाढायची, सोबत भाजलेलं सुकट आणि खारातल्या आंब्याची फोड. कुंदालाही मांडीवर घेऊन भरवायची. तेलाचा आणि सुकटाचा मिळून जो वास होई, तो माझ्या लहानपणाचा वास आहे. आजही कुठे खोबरेल तापवलेलं नाकात गेलं, तर माझी बोटं आपोआप वळतात.

आम्ही अंधेरीला, पूर्वेच्या बाजूला एका बैठ्या चाळीत राहत होतो. वडील गिरणीत जात. आई मालवणकडची; मुंबईत पंधरा वर्षं काढून तिची बोली जशीच्या तशी होती. चाळीच्या मागे भाताची खाचरं आणि त्यांच्या पलीकडे गावठाण, तिथे क्रूस असलेल्या ओट्यांची कौलारू घरं. त्या घरांतली माणसं आमच्यासारखीच मराठी बोलत, पण रविवारी देवळात न जाता चर्चला जात. शाळेत मला या गोष्टीचं आश्चर्य वाटल्याचं आठवत नाही. जे असतं ते असतंच, असं त्या वयात वाटतं.

खांदे धरण्याखेरीज माझ्याकडे आणखी एक काम होतं. कुंदाचं बोलणं मी इतरांना सांगायचो. तिची जीभ वळत नसे, व्यंजनं बहुतेक गळून पडत आणि नुसते लांबलांब स्वर उरत. आईला त्यातलं निम्मं कळे, वडिलांना फारच थोडं. मला सगळं कळायचं. कसं ते मी सांगू शकणार नाही. ती बोलायला लागली तेव्हापासून मी तिच्या शेजारी होतो, एवढंच. ती काही बोलली की घरातली सगळी तोंडं माझ्याकडे वळत. "काय म्हणता रे ता?" आई विचारायची. मी सांगायचो. पंधरा वर्षांच्या मुलाला घरात एवढं महत्त्व दुसऱ्या कशानं मिळालं नसतं, आणि मला ते आवडायचं. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात त्याचाही वाटा आहे.

पास्कूकाका आमच्या आयुष्यात आले ते टांग्यातून. गावठाणातल्या शेवटच्या घरात ते राहत, घरामागे तबेला, आणि त्यांचा टांगा अंधेरी स्टेशनपासून मरोळपर्यंत भाडं करी. एकदा आई आणि मी कुंदाला दवाखान्यात दाखवून परत येत होतो. डॉक्टरांनी नेहमीचंच सांगितलं होतं, तेल लावत राहा. टांग्यात आईच्या मांडीवर कुंदाला नीट बसता येईना. पाय आडवे आले की ती सगळीच घसरायची. पास्कूकाकांनी दोनदा मागे वळून पाहिलं. लगाम तसाच हातात ठेवून ते म्हणाले, "बाय, हिला घोडीवर बसव ना रोज थोडी. माजा आजा अंगावरून वारं गेल्यावर तसाच नीट झाला. डाकतर होता कुटं तवा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "घोडो तो," ती मला म्हणाली, त्यांना नाही. "लाथ मारल्यान तर पोरीचा काय रवतला?"

"घोडा नाय, घोडी हाय," काका म्हणाले. "आनि लाथ मारायला तिला टाइम कुटं हाय? दिवसभर भाडी मारते."

आई हसली नाही. पण त्याच आठवड्यात महापालिकेच्या शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंनी कुंदाला पाहिलं. वडिलांनी तिला उचलून नेली होती. कुंदा सात वर्षांची झाली होती, तिला अंक येत होते, पाटीवर मी काढलेली अक्षरं ती डोळ्यांनी ओळखून दाखवायची. बाईंनी ते पाहिलं, त्यांना ते पटलंही. मग त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि हात काढून घेतले. कुंदा डावीकडे कलंडली. दोन पोरांमध्ये ठेवून पाहिली, तर पुढे पडली. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "वर्गात साठ मुलं आहेत हो. हिला धरून बसायला मी कुणाला ठेवू? एक तास आपली आपण बसू दे, मग आणा, मी घेते." दुसऱ्या दिवशी आई स्वतःच गावठाणात गेली आणि पास्कूकाकांना विचारून आली.

घोडीचं नाव लिली. तांबूस रंगाची, पुढच्या एका पायाला पांढरा मोजा, पाठ मधोमध जरा खोलगट. दुपारी स्टेशनवर भाडी कमी असत तेव्हा काका तिला टांग्यातून सोडत आणि खाचरांच्या कडेनं विहिरीवर पाणी पाजायला नेत. जाऊन-येऊन अर्धा तास. त्या अर्ध्या तासात कुंदा तिच्यावर बसणार, असं ठरलं. खोगीर नव्हतंच. पाठीवर दुहेरी गोणपाट टाकायचं आणि वर कुंदा. पहिल्या दिवशी काकांनी तिला उचलून ठेवली तेव्हा पाय तसेच एकमेकांत अडकलेले होते. ती घोडीच्या पाठीवर, एखादं बोचकं टाकावं तशी दिसत होती. काकांनी पाय ओढले नाहीत. त्यांनी तिला पोटावर तशीच पडू दिली, तोंड आयाळीत, आणि घोडीला चालू केली. विहिरीपर्यंत जाईस्तोवर काही झालं नाही. परत येताना मी पाहिलं, तर कुंदाचा एक पाय घोडीच्या एका कुशीवर आणि दुसरा दुसऱ्या कुशीवर लोंबत होता. कुणी सोडवला नव्हता. घोडीच्या अंगाच्या उबेनं म्हणा, तिच्या चालण्याच्या हेलकाव्यानं म्हणा, ते आपोआप सुटले होते. सात वर्षांत पहिल्यांदा ते पाय किंकाळीशिवाय सुटले होते.

अलीकडेच एका ओळखीच्या घरी एक तरुण मुलगी भेटली. ती अशा मुलांवर घोड्यांच्या साहाय्यानं उपचार करते म्हणाली. घोडा चालतो तेव्हा त्याच्या पाठीवरच्या माणसाची कंबर अगदी चालणाऱ्या माणसासारखी हलते, स्नायू सैल पडतात, तोल सांभाळायला शिकतात, वगैरे तिनं फार चांगलं समजावून सांगितलं. सगळे ऐकत होते. मीही ऐकत होतो आणि मान हलवत होतो. मला यातलं काही ठाऊक आहे असं मी तिला सांगितलं नाही. सांगायला लागलो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं.

काका पुढे लगाम धरून चालत आणि मी बाजूनं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. "हात मांडीवर ठेवायचा. नुसता ठेवायचा, धरायचं नाय. तू धरलं की पोर ताठ होते, पोर ताठ झाली की घोडीला कळते, आनि मग तिघं बी घाबरतात." हे मला जमायला आठवडा लागला. खांदे दाबून धरण्याची माझ्या हातांना सवय होती. पण एकदा जमल्यावर तळव्याखाली कुंदाच्या मांडीतलं काहीतरी दिवसागणिक बदलत गेलेलं मला कळायचं. पंधरा दिवसांनी ती पालथी न पडता बसायला लागली, पुढे वाकून, आयाळ मुठीत धरून. महिन्याभरानं पाठ वर आली. आई कधी येत नसे. तिला घोड्याची खरंच भीती होती. ती दारातून पाहायची आणि आम्ही परतलो की कुंदाचे पाय चाचपून बघायची. तेल चालूच होतं, पण किंकाळी हळूहळू नुसत्या कुरकुरीवर आली. शेजारच्या बायकांना चुकल्यासारखं व्हायला लागलं. "आज पोरगी घरी नाय काय गो?" असं त्या विचारायच्या.

याच दिवसांत काकांनी कुंदाला घोडी थांबवायला शिकवलं. टांगेवाले घोडं थांबवताना "हो" म्हणून लांब आवाज देतात. कुंदाला त्यातला ह येईना. काकांनी म्हटलं, "ह कशाला लागतो? लिलीला बी येत नाय." मग कुंदा नुसतं "ओ" म्हणायची, लांब आणि खाली उतरत जाणारं. पहिले दोन-तीन दिवस घोडीनं कान हलवले. चौथ्या दिवशी ती थांबली. कुंदानं पुन्हा तिला चालू करायला लावलं आणि पुन्हा थांबवली. त्या दिवशी विहिरीवर जाऊन यायला आम्हाला तासाच्या वर लागला, कारण दर दहा पावलांवर कुंदा "ओ" म्हणायची, घोडी थांबायची आणि कुंदा मान मागे टाकून हसायची. काका म्हणाले, "आज भाडं बुडवते ही पोरगी." पण तेही हसत होते. मी हसत नव्हतो. त्या वेळी मला त्याचं कारण सांगता आलं नसतं. आज सांगतो. माझ्यावाचून तिचं कुणालातरी कळलं होतं.

आता त्या दुपारबद्दल.

काकांच्या पायाला काहीतरी लागलं होतं म्हणून ते त्या दिवसांत मागे राहत, बादली घेऊन लंगडत येत, आणि लगाम माझ्याकडे देत. एक हात लगामाला आणि एक कुंदाच्या मांडीवर, असं चालणं अवघड होतं पण येत होतं. खाचरांच्या कडेला वळणावर एक मोकळं मैदान होतं. तिथे माझ्या वर्गातली तीन-चार मुलं क्रिकेट खेळायला आली होती. त्यांच्याशी मी कुंदाबद्दल कधी बोललो नव्हतो. एकदा कुणीतरी विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं होतं की बहीण गावी असते.

"ए वश्या," त्यांच्यातला एक ओरडला, "टांगेवाला झालास काय रे?"

"स्टेशनपर्यंत काय घेतोस?" दुसरा म्हणाला. "आणि वर काय ठेवलंय ते? सामानाचं वेगळं पडतं काय?"

ते हसले. त्यांना वरचं काय आहे ते खरंच दिसलं नसावं. ऊन डोळ्यांवर होतं आणि कुंदा त्या वेळी पुढे वाकली होती. मी तिच्या मांडीवरचा हात काढला. दोन पावलं पुढे सरकलो, म्हणजे मी नुसता घोडी घेऊन चाललोय असं दिसावं, वरच्या ओझ्याशी माझा संबंध नाही असं दिसावं. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित काही झालं नसतं. पण मला त्यांना दाखवायचं होतं की मला घोडी चालवता येते. मी काकांसारखी जिभेनं टाळी दिली आणि लगाम ओढत धावायला लागलो. लिली दुडकी चालायला लागली.

कुंदानं "ओ" म्हटलं. मी ते ऐकलं. घोडीनंही ऐकलं आणि सांगितल्यासारखी जागच्या जागी थांबली. धावती घोडी एकदम थांबली तेव्हा कुंदा पुढे फेकली गेली, मानेवरून घसरली आणि खाली बांधाच्या दगडावर पडली. मी वळलो तेव्हा लिली एक पाय उचलून उभी होती. कुंदा अगदी त्या पायाखाली होती आणि घोडी तो पाय खाली टेकवत नव्हती. काका लंगडत, बादली टाकून येईपर्यंत तिनं तो टेकवला नाही.

कुंदाचा डावा हात कोपरापाशी मोडला होता आणि कपाळ फुटलं होतं. काकांनी तिला उचलली. मुलं मैदानावरून कधीच पळाली होती. काकांनी मला एकच विचारलं, "दुडकी कुनी लावली? मी ऐकली."

"बुजली ती," मी म्हणालो. "साप होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घोडीकडे पाहिलं. कुंदाला घेऊन ते चालायला लागले आणि लगाम मला धरायला सांगितला. तेवढ्या वाटेत लिली दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा मला तिला ओढावी लागली. तोपर्यंत तिला कधी ओढावी लागली नव्हती.

संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून आम्ही घरी आलो. वडील कामावरून आले होते. काका दारात उभे होते, टोपी हातात घेऊन. वडिलांनी मला विचारलं, मी सांगितलं की घोडी बुजली. तेव्हा कुंदा बोलली. चटईवर पडूनच ती बोलली, आणि तिला जेवढं स्पष्ट बोलता येई तेवढं स्पष्ट बोलली. "ओई नाई. आआ." घोडी नाही, दादा. दोनदा म्हणाली. घरातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"काय म्हणता रे ता?" आईनं विचारलं.

मी म्हणालो, "घोडीची भीती वाटते म्हणते. नको म्हणते."

कुंदानं ऐकलं. तिला कान होते, हे मी त्या क्षणी विसरलो होतो असं म्हणता येणार नाही. मी तिच्याकडे न पाहता बोललो होतो. नंतर पाहिलं तर ती माझ्याकडे पाहत नव्हती. छताकडे पाहत होती. ती तिसऱ्यांदा काही म्हणाली नाही. वडील दाराकडे वळून म्हणाले, "झाला ता झाला, काका. पण परत त्या घोडीकडे न्यावचा नाय." काकांनी मान हलवली, टोपी घातली आणि गेले. त्यांना माझं खोटं तोंडावर मोडता आलं असतं. त्यांनी ते का मोडलं नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुधा त्यांना वाटलं असेल की ते मोडण्याचं काम माझं आहे.

मी ते काम केलं नाही. वडिलांनी चाळीत सांगितलं, चाळीनं आणखी पुढे सांगितलं, आणि काकांच्या टांग्यातून चाळीतली जी चार-पाच मुलं कॉन्व्हेंटला जायची ती आईबापांनी बंद केली. बुजणाऱ्या घोडीच्या टांग्यात पोरं कोण बसवणार? घरात दुपारची किंकाळी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा मोठी, कारण आता प्लास्टरमुळे एक खांदा नीट धरता येत नव्हता. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि कुंदाला कुणी घेऊन गेलं नाही. आणि तिनं माझ्यामार्फत बोलणं बंद केलं. मी तिच्याजवळ बसलो की ती गप्प. काही हवं असेल तर आई येईपर्यंत थांबायची आणि हनुवटीनं दाखवायची. आईला वाटलं, पडल्यापासून पोर मुकी झाली. मुकी ती फक्त माझ्यापुरती झाली होती.

एकदा मी गावठाणात गेलो. काका तबेल्यात लिलीला खरारा करत होते. मी म्हणालो, "काका, दुडकी मी लावली होती."

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले. हात चालूच होता. "घोडीला बी म्हाईत हाय. ज्याला म्हाईत नाय त्याला जाऊन सांग."

मी मान हलवली आणि परत आलो. घरी वडील खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "काय रे?" मी म्हणालो, "काय नाय." वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. रस्त्यात कुठे घोडा दिसला की ते शेवटपर्यंत बाजूला सरत आणि सोबतच्याला सांगत, "सांभाळून. आमच्या पोरीक एकदा पाडलेली." सोबतचा बऱ्याचदा मीच असे.

उलगडा झाला तो माझ्यामुळे नाही. प्लास्टर निघाल्यावर आई कुंदाला संध्याकाळी दाराच्या उंबऱ्यावर, भिंतीला टेकवून बसवी. एकदा समोरच्या रस्त्यावरून लिलीचा टांगा चालला होता, आत दोन माणसं आणि त्यांच्या ट्रंका. मी आत होतो. मला कुंदाचा आवाज ऐकू आला, लांब आणि खाली उतरत जाणारा "ओ", आणि त्याबरोबर रस्त्यावरचे टापांचे आवाज बंद पडले. मी बाहेर आलो. टांगा भर रस्त्यात उभा. लिलीच्या डोळ्यांना झापडं होती, तिला बाजूचं काही दिसत नव्हतं, पण दोन्ही कान आमच्या दाराकडे वळलेले होते. आतला माणूस काकांवर खेकसत होता, "अहो, गाडी चुकेल माझी, हाका ना." काकांनी जिभेनं टाळी दिली, लगाम हलवला. कुंदानं पुन्हा "ओ" म्हटलं. घोडी हलली नाही. कुंदा भिंतीपासून सुटून, मान मागे टाकून हसत होती. काका मागे वळून त्या माणसाला म्हणाले, "माजा इलाज नाय शेठ. मालकीन थांबवते."

आई नळावरून येत होती. कळशी कमरेवर तशीच घेऊन ती हे सगळं पाहत उभी राहिली. मग कळशी खाली ठेवली. तिनं कुंदाकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, "भियालेला पोर घोड्याक असा साद घालता?"

वडिलांना तिनं काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कुंदाला कडेवर घेतली. मी चपला घालायला लागलो तशी म्हणाली, "तू घरात रव. मी नेतंय."

घोड्याला भिणारी माझी आई त्यानंतर रोज दुपारी घोडीच्या बाजूनं चालत गेली. पहिले काही दिवस मी लांबून पाहिलं. पदर खोचलेला, तोंड दुसरीकडे वळवलेलं आणि हात कुंदाच्या मांडीवर. नुसता ठेवलेला. काकांनी तिलाही तेच शिकवलं असणार. मी घरी बसून अभ्यास करायचो. त्या वर्षी माझा नंबर वर आला. घरात कुणाला त्याचं फार कौतुक करावंसं वाटलं नाही, आणि मलाही त्याची अपेक्षा नव्हती.

पुढच्या जूनमध्ये आईनं मला सांगितलं, कुंदाला शाळेत पोहोचवून ये. मला एवढंच काम दिलं होतं, पोहोचवायचं. मी तिला पाठीवर घेतली. ती आता जड झाली होती, आणि तिचे पाय माझ्या कमरेभोवती दोन्ही बाजूंनी नीट बसले. बाईंनी तिला खिडकीजवळच्या बाकावर बसवली आणि हात काढून घेतले. ती बसली. पाठ जराशी वाकडी, एक हात बाकाच्या कडेला, पण बसली. बाईंनी तास होईपर्यंत थांबायची गरज आहे असं मानलं नाही. त्यांनी हजेरी उघडली आणि तिला नाव विचारलं.

कुंदानं नाव सांगितलं. त्यातलं काही बाईंना कळलं नाही. वर्गात दोघं-तिघं हसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सवयीनं सगळे पाहत तसंच, आणि माझं तोंड उघडलंही. तेवढ्यात कुंदानं माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा ती सरळ माझ्याकडे पाहत होती. मी तोंड मिटलं. तिनं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा सावकाश. बाईंनी "सुधा?" असं विचारलं. कुंदानं नाही म्हणून मान हलवली आणि तिसऱ्यांदा सांगितलं, एकेका अक्षरासाठी थांबत, ओठांवर थुंकी येईपर्यंत. बाई उठून तिच्या बाकापाशी आल्या, वाकून कान जवळ नेला, आणि मग परत जाऊन त्यांनी नाव लिहिलं. मी जिथे उभा होतो तिथून मला ते उलटं दिसत होतं. बरोबर लिहिलं होतं. मी दप्तर तिच्या पायाशी ठेवलं आणि व्हरांड्यात जाऊन थांबलो, काही लागलं तर असावं म्हणून. शाळा सुटेपर्यंत मला आतून कुणी हाक मारली नाही.